घरून आणलेलं ताट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते ताटवाले सरांचे. आईबापानं जन्म दिला, वाढवलं, पण त्याला कुणी उपकार म्हणत नाही. मी पदवीधर झालो, आज येलदरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, चार माणसांत बसायला खुर्ची मिळते, हे मात्र त्या एका माणसामुळं घडलं. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. मलाही ते सरांनीच परभणीला नेऊन दाखवलं. फाटकाशी माझे पाय अडखळले तेव्हा ते मागून म्हणाले, "जा की आत. इथं तुला कुणी ओळखत नाही, हीच तर मजा आहे."

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. शाळेतली पोरं, त्यांचे बाप, पोस्टमन, ताडकळसच्या बाजारातल्या भाजीवाल्या, सगळे तोंडावर 'सर' म्हणत आणि पाठ फिरली की 'ताटवाले'. कारण साधं होतं. सर कुठंही जेवायला गेले, की खांद्यावरच्या कापडी पिशवीतून स्वतःचं स्टीलचं ताट काढत. लग्न असो, बारसं असो, सप्त्याचं जेवण असो. वाढपी थर्माकोलची पत्रावळ टाकत यायचा, सर ती उचलून त्याच्या हातात परत द्यायचे आणि आपलं ताट मांडायचे. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचे, बोटानं गोल फिरवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. समोरच्या रांगेतल्या नव्या सुना तोंडाला पदर लावायच्या.

पत्रावळ म्हणजे पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली. आमच्याकडं ती कधीच गेली. पळस तुटले, टाचणारी माणसं पुण्याला गेली. पण शब्द मागं राहिला. मग थर्माकोल आलं, त्यालाही लोक पत्रावळच म्हणाले. पुढं चंदेरी कागदाची आली, तीही पत्रावळच. सरांना या शब्दाचाच राग. "पान नाही, पळस नाही, पत्रावळ कसली?" असं ते वाढप्याला विचारायचे. वाढपी बिचारा भाताची बादली घेऊन उभा. मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ सर, धडा नंतर घ्या, आमटी गार व्हायलीय!"

घरातही त्यांचं असंच. अंघोळ करायची ती मोठ्या परातीत उभं राहून, आणि परातीतलं पाणी लिंबाच्या झाडाला. पाहुण्यांनासुद्धा तोच नियम. त्यामुळं सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, दारात पाहुणा दिसला की आधी विचारायच्या, "भाऊजी, अंघोळ घरून करून आलात ना?" काकू हसतमुख होत्या, पण त्यांच्या हसण्यात थोडा थकवा असायचा. एकदा मी त्यांच्या ओसरीवर अभ्यास करत बसलो होतो, तेव्हा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी सुद्धा पिशवीतून काढतात की काय, असं वाटलं होतं. नशीब, तेव्हा एवढं वाढलेलं नव्हतं."

बाजारात तर त्यांची करमणूकच असे. कॅरीबॅग घ्यायची नाही. पिशवी भरली की वांगी सदऱ्याच्या ओच्यात आणि मिरच्या टोपीत.

"सर, टोपीत मिरच्या घेतल्या, मग टोपी डोक्यावर घालताव. डोक्याला झोंबतील की," भाजीवाली म्हणायची.

"डोक्यात आधीच लय आहेत. त्यांना सोबत होईल."

"मपल्या कॅरीबॅगनं काय घोडं मारलं हो तुमचं? फुकट देयलेय."

"फुकट आहे म्हणूनच भीती वाटते, बाई."

त्यांचं एक वाक्य शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. टाकलं म्हणजे गेलं नाही, टाकलं म्हणजे दुसऱ्याच्या दारात ठेवलं. आम्ही ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो आणि हसायचो. ते खरं आहे हे मला पोरांमध्ये सगळ्यांत जास्त माहीत असायला हवं होतं, कारण ते दार आमचंच होतं. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला. गावात लग्न झालं की उष्ट्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, द्रोण, सगळं ट्रॉलीत भरून ओढ्यात ओतायचे. पावसाळ्यात ते वाहत येऊन वस्तीजवळच्या छोट्या पुलाला अडकायचं आणि पाणी आमच्या अंगणात शिरायचं. उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावायचं. तो काळा धूर दिवसभर आमच्या घरांवरून जायचा. माझी आई खोकायची आणि धुपत असलेल्या ढिगाकडं बघून म्हणायची, "गावाचं लगीन झालं, वरात आपल्याकडं आली."

त्या ढिगात चरणारी एक गाय एकदा मेली. पोट ढोलासारखं फुगलेलं. सरांनी जनावरांच्या डॉक्टरला गाठून पोट उघडायला लावलं. आतून निघालेला गोळा, प्लास्टिक, थर्माकोल आणि सुतळीचा, ते स्वतः उचलून ग्रामसभेत घेऊन गेले. कशात? आपल्या जेवायच्या ताटात. सरपंचापुढं टेबलावर ते ताट ठेवलं आणि म्हणाले, "हे आपल्या सगळ्यांच्या लग्नाचं जेवण. वाढा."

म्हातारी माणसं मान खाली घालून बसली. दोघं-तिघं बाहेर जाऊन ओकून आले. सरपंच म्हणाले, "सर, तुमचं पटलं. यंदापासून बंदच करू." त्या दिवशी कुणीही सांगितलं असतं, की आता या गावात फरक पडणार. पण दुसऱ्या दिवशी एका बारशाच्या पंगतीत सर त्याच ताटात जेवताना लोकांना दिसले. घासून, उकळत्या पाण्यानं धुतलेलं होतं, तरीही. गाव गाईला विसरलं आणि ताट लक्षात ठेवलं. पुढचे कितीतरी दिवस सरांच्या शेजारी पंगतीत कुणी बसेना.

मी बारावी पास झालो तेव्हा सर पहिल्यांदा आमच्या घरी आले. गावातला वरच्या आळीतला माणूस वस्तीत यायचा तो कापूस वेचायला बायका सांगायला, आणि तोही गाडीवरूनच. सर आले, चप्पल बाहेर काढली, आत येऊन सतरंजीवर बसले. आईनं पिठलं केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. तिच्या लग्नातलं एक जाड काठाचं ताट होतं, ते काढून चिंचेनं लखलखीत घासलं. ते घेऊन ती चुलीपासून उठली तोवर सरांनी पिशवीत हात घातला होता. त्यांनी आपलं ताट समोर ठेवलं आणि म्हणाले, "वाढा माय, लय भूक लागलीय."

आई हातातलं ताट घेऊन क्षणभर उभी राहिली. मग ते उतरंडीच्या मागं ठेवलं आणि वाढायला बसली. सर तीन माणसांचं जेवले. शेवटी ताट धुऊन ते पाणी पण प्यायले. जाताना आईला म्हणाले, "असं पिठलं मानवतला माझी आई करायची." ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ते गेल्यावर मी आईला म्हणालो, "बघितलं का? सर आपल्यात जेवले."

"जेवले," आई म्हणाली. "पर आपल्या ताटात न्हाई जेवले."

"अगं, ते पाटलाकडं पण तसंच करतात."

"करत असतील. पाटलाला त्याचं काय?"

मी त्या वेळी ऐकून सोडून दिलं. माझ्या डोक्यात परभणी होतं.

परभणीत सरांनी माझ्यासाठी काय काय केलं ते सांगायला बसलो तर दुसरं काही सांगून होणार नाही. वसतिगृहाच्या साहेबाशी त्यांनी घातलेला वाद, मला दिलेली त्यांची सायकल, दर महिन्याला येणारं पत्र. जुन्या लिफाफ्याची आतली बाजू बाहेर काढून त्यावर पत्ता लिहिलेला असायचा. मेसमध्ये पोरं हसायची. मी ते लिफाफे परत उलटे करून त्यांनाच उत्तर पाठवायचो. कागद झिजून पारदर्शक व्हायचा.

सर निवृत्त झाले, त्यानंतर काकू वारल्या. मग ताट हेच त्यांचं उरलेलं काम झालं. गावातून थर्माकोल हटवायचं. दुसरं काही नाही, एवढंच. त्यांनी आधी पानांच्या पत्रावळ्या बाहेरून मागवल्या. त्या आल्या, पण प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद. सर त्या पिशव्यांकडं बघत ओसरीवर कितीतरी वेळ बसले होते म्हणतात. वर त्या पत्रावळ्यांतून आमटी गळून एका पाहुण्याचं धोतर पिवळं झालं. मग त्यांनी दारोदार फिरून गावाच्या मालकीची स्टीलची ताटं जमवली. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची, धुऊन आणून द्यायची. देवळाच्या खोलीत ताटांची चळत उभी राहिली. सरांनी मला फोन केला, आवाज पोरासारखा झाला होता.

ती चळत पहिल्याच लग्नात अडली. गावजेवणाची ताटं घासणार कोण? वरच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, आमी कुणाकुणाचं उष्टं काढावं? बैठकीत एकजण सहज बोलून गेला, "वस्तीतल्या चार बाया लावू की रोजानं." निरोप वस्तीत आला. आई त्या वेळी माझ्यासमोर ज्वारी पाखडत होती. ती निरोप आणणाऱ्याला एवढंच म्हणाली, "सांगा त्यास्नी, आमच्या हाताला काटे झालेत." ताटं खोलीतच राहिली. कुलूप कुणी लावलं, किल्ली कुणाकडं गेली, पुढं कुणाला आठवेना.

सरांना त्या 'रोजानं' शब्दाची मात्र शरम वाटली. ते रात्रंदिवस विचार करत राहिले आणि त्यांना उत्तर सापडलं. प्रत्येकानं आपलं ताट घरून आणायचं आणि घरी नेऊन आपणच घासायचं. कुणी कुणाचं उष्टं काढायचं नाही. न्हावी नाही, पाटील नाही, वस्ती नाही. फोनवर मला म्हणाले, "अरे, कचऱ्याचा प्रश्न सोडवायला गेलो आणि बघ, समतेचा पण सुटला!" मलाही ते पटलं. माझ्या आईच्या आईला पटलं नसतं, पण ती हयात नव्हती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आई लहान होती तेव्हा गावात लग्न असलं की आमची माणसं जेवायला जायची ती आपली जर्मनची, अॅल्युमिनियमची ताटली घेऊन. दारात घेत नसत. गोठ्याच्या पलीकडं बसवायचे, सगळं गाव उठल्यावर वाढायचे, तेही वरून, हात न लावता. आईला बोटाशी धरून तिची आई जायची, एका हातात ती चेपकी ताटली. वाटेनं पोरं विचारायची, कुठं चाललाव, अन् ताटलीकडं बघून हसायची. पुढं आमच्या लोकांनी धर्म बदलला, हे जाणं बंद केलं. मग किती वर्षांनी गावानं बोलवायला सुरुवात केली, आधी एका कोपऱ्यात, मग एका रांगेत. त्याच सुमाराला थर्माकोल आलं. सगळ्यांना सारखी पत्रावळ, जेवून टाकून द्यायची, कुणाची कुणी धुतली हा सवालच नाही. आई त्याला 'सरकारी ताट' म्हणायची. माणसांनी जे केलं नाही ते त्या पांढऱ्या कचऱ्यानं केलं, असं तिचं म्हणणं. मला लहानपणापासून तेच ताट माहीत. ती वाट मी ताटली घेऊन कधी चाललो नव्हतो.

आणि सर मानवतच्या दुकानदार घरातले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मारुतीच्या भंडाऱ्याआधी ते वस्तीत घरोघर फिरले. "माय, येताना घरून आपलं ताट आणायचं बरं का." बायका गप्प बसल्या. सरांना वाटलं, कबूल आहे. आमच्या वस्तीत बायका गप्प बसल्या म्हणजे ते कबूल नसतं.

भंडाऱ्याला मी रजा काढून गेलो होतो. देवळासमोर मांडव, सुतळी बांधून आखलेल्या रांगा. लोक खरंच ताटं घेऊन येत होते. कुणी पितळेचं, कुणी मुलाच्या शाळेच्या डब्याचं झाकण घेऊन आलेला. थट्टा चालली होती. "तुझं ताट लय मोठं हाय रे, परात आणलीस का?" "सरांकडून अंघोळीची आणलीय!" मांडवाच्या तोंडाशी सर उभे होते. नवा सदरा, डोळे भरून आलेले. मला बघून माझा दंड घट्ट धरला. एवढा आनंदी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

वस्तीची माणसं आली. तरुण पोरांच्या हातात ताटं होती. आई आणि तिच्या वयाच्या बायका रिकाम्या हातानं आल्या आणि रांगेत बसल्या. वाढप्यांमधला एक तरुण पोळ्यांची टोपली घेऊन आईपुढं आला.

"मावशी, ताट?"

"न्हाई आणलं."

"आता कशात वाढू? सरांनी सांगितलं नव्हतं का? बरं, असं करा, तुमी जरा पलीकडं बसा. बगतो काही मिळतंय का."

तो भला मुलगा होता. त्याला रांग अडवायची नव्हती, एवढंच. पण आईनं 'पलीकडं' ऐकलं. ती उठली. पदर खांद्यावरून नीट घेतला आणि चालू लागली. तिच्या मागं एकेक करत आमची सगळी रांग उठली. तरुण पोरांनी वाढलेली ताटं तशीच ठेवली.

सर धावत आडवे आले. "माय, थांबा, माझं ताट घ्या. मी मागून जेवतो. माय!"

"सर, तुमच्या ताटाचं काय करू? माझी माय घरून ताटली आणायची. तिला पलीकडंच बसवायचे. ते सुटलं म्हणून आमी तुमच्यात यायलो. अन् तुमी पुन्हा तेच सांगायलाव, घरून आणा."

"पण माय, हे सगळ्यांनाच सांगितलं. सगळ्यांनीच आणलंय."

आईला राग नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

"सगळ्यांनी आणलं की ते ताट असतं सर," ती म्हणाली. "आमी आणलं की ती ताटली होती."

सर तिथंच उभे राहिले. मांडवात कुणीतरी म्हणालं, "झालं का तुमच्या मनासारखं? बसा आता." भंडारा उरकला. मी आईच्या मागं गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या घरी आले. पिशवी आणली नव्हती. त्यांच्या खांद्यावर पिशवी नाही हे मी पहिल्यांदाच बघत होतो, माणूस अर्धवट कपडे घालून आल्यासारखा वाटत होता. आईनं चहा दिला, आमच्याच कपात. कप दोन्ही हातांनी धरून ते प्यायले.

"माय, मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुमाला माहीत असायची गरजच पडली न्हाई सर," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणखी घेता का घोटभर?"

या गोष्टीतून काहीतरी चांगलं निघायला हवं होतं. गावानं बसून बोलायला हवं होतं. बोलणं झालं, पण ते पारावर आणि वस्तीच्या कट्ट्यावर, वेगवेगळं. पारावर म्हणायचे, एवढं चांगलं चाललं होतं, वस्तीवाल्यांनी मोडलं. कट्ट्यावर म्हणायचे, बघा, सर सर म्हणत होतो, शेवटी सरांनी पण जात दाखवली. दोन्हीकडच्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की पत्रावळ्या बऱ्या. पुढच्या लग्नाला ट्रॉली भरून चंदेरी पत्रावळ्या आल्या, सोबत प्लास्टिकचे चमचेसुद्धा, ते आधी नसायचे. पंगती एका रांगेत बसल्या. सगळे हसून बोलत होते. आईही गेली होती. तिला कुणी पलीकडं बसा म्हटलं नाही. संध्याकाळी ओढ्यावरून धूर आला आणि ती खिडकी लावून खोकत बसली.

मी सरांना म्हणालो, "एवढ्यावर सोडू नका. दुसरा काही मार्ग काढू." ते म्हणाले, "मला वाटायचं, लोक आळशी आहेत म्हणून ऐकत नाहीत. आळस असता तर बरं होतं रे. आळसावर मी जन्मभर काम केलंय." थोड्या दिवसांनी त्यांनी घर बंद केलं आणि मानवतला धाकट्या भावाकडं राहायला गेले.

मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो. आडतीच्या दुकानामागं त्यांची खोली. भावाच्या सुनेनं जेवायला दिलं ते त्यांनी मुकाट्यानं खाल्लं, अर्धी भाकरी टाकली. वरची टाकी भरून पाणी भिंतीवरून वाहत होतं. मी म्हणालो, "सर, टाकी भरली." ते म्हणाले, "भरू दे." ते पाणी बराच वेळ वाहत राहिलं आणि आम्ही दोघं ते ऐकत बसलो. शेवटी मीच उठून मोटार बंद केली.

मी शाळेत पर्यावरण शिकवतो. मुलं 'प्लास्टिक टाळा' असे फलक करून आणतात, थर्माकोलच्या पाट्यांवर. मी त्यांना गुण देतो. सर असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत आहे, पण सर तिथं नाहीत, आणि मानवतला जे उरलेत ते आता काही म्हणत नाहीत. हे नक्की कुठं चुकलं ते मी कितीदा मांडून पाहिलं. गाव दुष्ट नव्हतं. आई हट्टी नव्हती. सर तर नव्हतेच. ओढा मात्र भरत चालला आहे.

परवा मी त्यांना पत्र लिहिलं. ते फोन उचलत नाहीत, आणि उचलला असता तरी मला हे बोलता आलं नसतं. पत्र असं :

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. वस्तीतलं आमचं घर बांधून झालं. स्लॅब पडला, फरशी बसली, आईनं स्वतः बसून ओट्याचा रंग निवडला. येत्या पौर्णिमेला गृहप्रवेश आहे आणि आई गावजेवण घालणार आहे. सगळ्या गावाला. आमच्या दारात गाव आजपर्यंत जेवलेलं नाही.

आमंत्रण द्यायला ती स्वतः वरच्या आळीत घरोघर गेली. सगळे "येतो की" म्हणाले. बायका मात्र हळूच विचारत होत्या, पत्रावळीच हायत ना? आई म्हणाली, हायत. त्या का विचारत होत्या ते तिला कळलं. मी म्हणालो, परभणीहून स्टीलची ताटं भाड्यानं आणू. तर म्हणाली, "आण. मग बग, कुणाला उपास निघंल, कुणाच्या घरी पाव्हणे येतील."

म्हणून पत्रावळ्या आणल्या आहेत सर, त्याच चंदेरी. कोपऱ्यातल्या खोलीत गठ्ठे लावलेत. जेवणं झाल्यावर त्या कुठं जाणार ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तुमचा विद्यार्थी असून हे मी करणार आहे. आईला हा एक दिवस मिळायचा तर तो दुसऱ्या कुठल्या ताटावर मिळणार नाही, आणि तो दिवस मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

आई रोज विचारते, सर येतील का. तुम्ही पहिल्या पंगतीत बसावं अशी तिची इच्छा आहे. मीही हात जोडून सांगतो, या. तुमच्यासाठी गाडी पाठवतो. फक्त तुमचं ताट आणू नका. ती जे मांडेल त्यात जेवा. मी काय मागतो आहे ते मला समजतं.

अहेर तर नकोच. रिकाम्या हातानं या.

आपला विद्यार्थी